उरलेलं तेल

यंदा काठी मामांच्या कमरेला नव्हती.
डॉक्टरनं पोटावर हात दाबून पाहिला, म्हणाला, हर्निया,
आणि बत्तीस वर्षांची बाराबंदी
घडी होऊन ट्रंकेत गेली, डांबरगोळ्यांसकट.

भोगीला सगळं शहर पांढरं होऊन रस्त्यावर आलं.
‘हर्र बोला’चा आवाज आमच्या पत्र्यावर आदळत राहिला,
मामा मागच्या दारात बसून
शेंगा फोडत होते. एकेक. सावकाश.

किंक्रांत गेली. गड्ड्यावरचे पाळणे अजून फिरत होते.
एका पहाटे म्हणाले, नागमणी, येतेस?
हातात किटली, करडईचं तेल, जुन्या लुंगीचा फडका.
अडुसष्ट लिंगांना तेल घालायला सगळे येतात,
पुसायला कोण? मुंग्या लागतात देवाला.

मी पूर्वभागातली, तेलुगू घरातली.
हा देव मला लग्नात मिळाला,
पितळेच्या घागरीसोबत.

धुकं असं की पुढच्या पावलाला विचारून टाकावं.
पहिलं लिंग बोळात, दोन मोटरसायकलींच्या मधे.
एक पिंपळाच्या मुळीनं धरलेलं,
बाजारात लेकराचं मनगट धरतात तसं.
एक गॅरेजच्या मागं; तिथल्या पोऱ्यानं
ग्रीसच्या हातानं टायर बाजूला घेतला, काही न बोलता.
एक शहर संपतं तिथं, रानात.
शाळू हुरड्यात आलेला,
दवानं वाकलेल्या ताटांतून जाताना
माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.
लिंगावर परीट पक्षी बसला होता, शेपूट खालीवर करत.
मामा थांबले.
त्याचं होऊ दे, म्हणाले, मग आपण.

पुसायचे कसे, तर न्हाणलेल्या बाळाच्या
कानामागं पुसतात तसे.
आणि पुसून झालं की किटलीतला एक थेंब परत.
मग पुसलं कशाला?
ते जुनं होतं. हे आजचं.

मी मोजत होते. मला मोजायची खोड,
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार.
तिसऱ्या दिवशी ऊन कलताना सदुसष्ट झाले.
अडुसष्टावं?
मामा एका नव्या कंपाउंडापाशी उभे राहिले.
भिंतीला तळवा लावला, पुढं गेले, परत आले.
गोत्तिल्ला, म्हणाले.
इथंच असायचं. नाहीतर तिकडं.
काठी कमरेला असली की माणूस वर बघतो,
शेंड्याकडं.
खाली कुठं काय, बत्तीस वर्षांत बघितलंच नाही.

मग तळ्याकाठी बसलो.
किल्ल्याची भिंत पाण्यात उतरलेली,
एक चांदवा देवळाच्या पडछायेतून पोहत गेला,
कळस मोडला, हलला, पुन्हा लागला जागेवर.
काठाला निर्माल्य, एक चप्पल,
आणि कुठून कुठून थंडीपुरती आलेली बदकं,
पायरीला न विचारता पाण्यात राहणारी.
मामा कानडीत काहीतरी बोलले, माझ्याशी नव्हे.
मला निम्मं कळलं. निम्म्यात माफी होती.

माझी बोटं तंबाखूनं, पानाच्या कडांनी
जानेवारीभर चिरलेली असतात.
किटली त्यांनी तिरकी केली, तळाशी पळीभर.
हात कर.
तीर्थाला करतात तसा मी केला.
सासऱ्यानं सुनेच्या हाताला हात लावू नये,
त्यांनी लावला नाही.
वरून ओतलं, तळ्याकडं बघत.

घरी येऊन सूप मांडीवर घेतलं.
तेलकट बोटांत पान ठरेना, दोरा निसटे.
दुसऱ्या दिवशी कारखान्यात चेकरनं
माझा माल निवडायला घेतला,
एवढी छाट कधी निघाली नव्हती माझी.
बाजूला पडलेल्या विड्या मी मोजल्या.
आकडा सांगत नाही.
तुम्ही म्हणाल, जुळवून आणला.